भूमीचा जीर्णोद्धार
पेडणे व डिचोली महालांतील बांध, तळी आणि राई यांचा इतिहास

श्रीपरशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडून सिंधुसागरास मागे हटविले आणि ही भूमी निर्माण केली, ही कथा गोमंतकातील प्रत्येक घरी लहानपणीच कानांवर पडते. कथेचे पौराणिक मर्म काहीही असो, तेरेखोल, शापोरा आणि मांडवी या नद्यांच्या काठी उभे राहून पाहिले असता तिचा एक प्रत्यक्ष अर्थ ध्यानात येतो. उधाणाच्या भरतीला नदीचे पाणी ज्या पातळीपर्यंत चढते, तिच्याहून खालच्या पातळीवर भातशेते पसरलेली दिसतात. मध्ये उभा असतो तो केवळ मातीचा एक बांध. समुद्र येथे खरोखरच मागे हटविलेला आहे, आणि तो पुन्हा पुढे येऊ नये म्हणून कित्येक पिढ्यांनी दरवर्षी मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या आहेत.

देवस्थानांच्या इतिहासात मूर्तींचे स्थलांतर, मंदिरांची उभारणी, उत्सवांची परंपरा आणि महाजनांची कुळे यांची नोंद आस्थेने केली जाते. ती योग्यच आहे. परंतु ज्या भूमीच्या उत्पन्नावर देवाचा नंदादीप तेवत राहिला, त्या भूमीचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. ती भूमी कोणी घडविली, कोणत्या ज्ञानाने राखली आणि आज तिची स्थिती काय आहे, हा प्रश्न महाजन कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा असावयास हवा; कारण देवस्थान आणि भूमी या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी कधीही वेगळ्या मानल्या नव्हत्या.

सातेरी : मातीचे दैवत

पेडणे, डिचोली आणि सत्तरी या महालांत गावोगावी श्रीसातेरीचे स्थान आढळते. तिचे मूळ रूप म्हणजे रोयण, अर्थात वारूळ. पुढील काळात अनेक ठिकाणी वारुळावर मुखवटा चढला किंवा शेजारी पाषाणमूर्ती स्थापन झाली. तथापि गर्भागारातील वारूळ हेच देवीचे आद्य स्वरूप होय, ही जाणीव लोप पावलेली नाही. भूमिका या नावाने पुजली जाणारी देवताही याच भूमिपूजेची साक्ष देते. पौष महिन्यात गावाच्या मांडावर स्त्रिया धालो घालतात, तेव्हा त्यांच्या गीतांतून आवाहन होते ते धरित्रीचेच.

या उपासनेस केवळ श्रद्धेचे नव्हे, अनुभवाचेही अधिष्ठान आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्याविषयी 'दकार्गल' नावाचा अध्याय आहे, आणि त्यात वारूळ हे जवळपास पाणी असल्याचे एक लक्षण म्हणून वारंवार सांगितलेले आहे. ज्यांनी प्रथम या डोंगरउतारांवर वस्ती केली, त्यांनी माती व पाणी यांची ओळख अशाच खुणांवरून करून घेतली असली पाहिजे. गोमंतकाच्या आद्य रहिवाशांत गावडे, कुणबी आणि वेळीप यांची गणना होते. या तिन्ही समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळावयास मात्र इ. स. २००३ साल उजाडावे लागले. त्यांच्या ज्ञानास कागदावर स्थान मिळण्याची वाट तर अद्याप पुष्कळशी शिल्लक आहे.

खाजन : खाऱ्या पाण्यातून काढलेले शेत

गोमंतकातील शेतजमिनीचे तीन प्रकार परंपरेने मानले जातात. डोंगरउतारावरील ती मोरड, मधल्या पातळीवरील रेताड जमीन ती केर, आणि खाडीकाठची सखल जमीन ती खाजन. यांपैकी खाजन ही निसर्गाने दिलेली नसून मनुष्याने घडविलेली जमीन आहे. तिची प्राचीनता ताम्रपटांनी सिद्ध होते. बांदोडे येथे सापडलेला, कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा या राजाचा ताम्रपट साधारणतः सहाव्या-सातव्या शतकातील मानला जातो. त्यात 'खज्जन' जमिनीचा उल्लेख आहे. म्हणजे सुमारे १,४०० वर्षांपूर्वी ही संज्ञा राजदरबारी रूढ होती. संपूर्ण गोव्यात अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते. पेडण्यात कोरगाव, आगरवाडा, चोपडे या बाजूस आणि डिचोलीत पिळगाव, नार्वे या बाजूस खाडीकाठची शेते आहेत. पिळगावच्या धक्क्याचे सारमानस हे नावच या रचनेची आठवण वागविते, आणि आगरवाडा हे नाव मिठागरांची.

खाजनाची रचना वरवर साधी, परंतु अत्यंत विचारपूर्वक केलेली असते. नदीच्या तळाचा चिखल, भाताचा पेंढा, बांबू व काटक्या यांनी बांध उभारला जातो आणि जेथे प्रवाहाचा मारा अधिक तेथे जांभ्या दगडाचे अस्तर दिले जाते. बांधाच्या बाहेरच्या अंगास खारफुटीची झाडे राखलेली असतात; त्यांच्या मुळांत लाटांचा जोर मोडतो आणि गाळ अडून बांधास बळकटी येते. बांधात योग्य ठिकाणी मानस, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा, बसविलेला असतो. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ही दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आत साठलेल्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप उघडतात. मनुष्याने जागत बसण्याचे कारण नाही. मानशीच्या आतल्या बाजूस पोंय नावाचा खोलगट जलाशय असतो. शेतांतील पाणी त्यात उतरते आणि शेवटा, चणक, काळुंदर, कोळंबी, खेकडे यांची तेथे वाढ होते.

या रचनेत काळाचे भान तितकेच महत्त्वाचे असते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. ज्या तिथींवर देवस्थानाची पालखी निघे, त्याच तिथींवर बांधावरील लक्ष वाढवावे की सैल करावे हे ठरत असे. चैत्र-वैशाखात बांधांची डागडुजी होई. मृगाचा पाऊस जमिनीतील क्षार धुऊन नेई, आणि मगच कोरगुट किंवा आजगो यांसारखे खारटाण सोसणारे भाताचे वाण पेरले जाई. कापणीनंतर काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाई; त्यामुळे तण मरे, मासळी मिळे आणि मातीस गाळाचे खत लाभे. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि कोठे कोठे मीठ अशी तिन्ही उत्पन्ने निघत, आणि एकामुळे दुसऱ्याचा नाश होऊ नये यासाठी गावाचे नियम असत. मासळीच्या लोभाने मानस भलत्या वेळी उघडी राहिली तर खारे पाणी भातात शिरणार हे उघड आहे. म्हणून मानशीचा लिलाव गाव करी आणि तिच्या वापराची मर्यादाही गावच घालून देई.

बांधाची राखण दैवताकडेही सोपविलेली होती. गावचा राखणदार रात्री हातात दांडा व चूड घेऊन शिवेवरून फिरतो, ही श्रद्धा या महालांत सर्वत्र आढळते. त्यास वर्षाकाठी रोट देण्याची चाल आहे. बांध फोडणाऱ्याचा धाक आणि बांध राखणाऱ्याचा धीर, दोहोंची सोय या श्रद्धेने केली होती. एखाद्या रात्री बांधास खांड पडली तर ज्याचे शेत तेथे आहे तोच केवळ धावत नसे, सारा गाव धावत असे. कारण एका ठिकाणी शिरलेले खारे पाणी सर्वांच्या शेतांत पसरते.

गावकरी आणि देवस्थान

या सामुदायिक श्रमातूनच गावकरी ही संस्था आकारास आली, असे मानण्यास आधार आहे. इ. स. १५१० मध्ये तिसवाडी जिंकल्यावर पोर्तुगीजांना येथे एक सुस्थिर ग्रामव्यवस्था आढळली. इ. स. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज एका सनदेत नोंदविले. फोराल या नावाने ती प्रसिद्ध आहे. ओसाड जमीन लागवडीस आणणारे मूळ पुरुष तेच गावकर, अशी परंपरा तीत नमूद आहे. पुढे फिलिप नेरी शाव्हियेर यांनी इ. स. १८५२ मध्ये या संस्थांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि विसाव्या शतकात मूळच्या गोमंतकीय असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर स्वतंत्र निबंध लिहिला.

गावकरीच्या उत्पन्नातून सरकारचा सारा, बांधांची दुरुस्ती आणि देवस्थानाचा खर्च भागविला जाई. देवाच्या सेवेसाठी काही जमिनी वेगळ्या राखलेल्या असत. पुजारी, वाजंत्री, कुंभार, सुतार अशा सेवेकऱ्यांचा निर्वाह त्यांवर होई. यावरून महाजनपणाचा मूळ अर्थ स्पष्ट होतो. ज्यांनी भूमी राखली त्यांनीच देव स्थापिला, आणि देवाचा मान ज्यांना मिळाला त्यांच्यावर भूमीचा भारही होता.

या जोडणीवर पहिला आघात सोळाव्या शतकात झाला. इ. स. १५४० मध्ये तिसवाडीतील मंदिरे पाडण्यात आली आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. पुढे साष्टी व बारदेश येथेही तेच घडले. दैवते नद्या ओलांडून सुरक्षित महालांत आली. दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला. चोडणची श्रीदेवकीकृष्णाची मूर्ती प्रथम मये येथे व नंतर माशेल येथे गेली. ज्या महाजनांनी मूर्ती वाचविल्या त्यांना आपली खाजने मात्र बरोबर नेता आली नाहीत. नार्वे येथील मंदिराचा जीर्णोद्धार इ. स. १६६८ मध्ये छत्रपती श्रीशिवाजी महाराजांनी केला, हे तेथील शिलालेखावरून सर्वविदित आहे.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल इ. स. १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर धर्मच्छलाचा जोर ओसरला होता. त्यामुळे येथील दैवते, राई आणि रीतिरिवाज बव्हंशी अबाधित राहिले. पेडण्यात मोठ्या जमिनी देशप्रभू घराण्याकडे होत्या, तर अन्यत्र गावकरी नांदत होत्या. पुढे या संस्था कायद्याच्या चौकटीत बसविल्या गेल्या. देवस्थानांसाठी इ. स. १८८६ व १९३३ चे नियम झाले. गावकऱ्यांसाठी १९०४, १९३३ व १९६१ च्या संहिता झाल्या. वस्तुतः येथेच एक सूक्ष्म फाटाफूट घडली. देवळाचा कारभार एका नियमावलीत गेला आणि शेताचा कारभार दुसऱ्या. महाजनांची नोंदवही आणि बांधाची नोंदवही वेगळी झाली.

राई आणि तळी

खाजन हे या व्यवस्थेचे खालचे टोक, तर राई हे वरचे टोक. देवाच्या नावे राखलेल्या वनास येथे देवराई किंवा नुसते राय म्हणतात. तेथील झाड तोडावयाचे नाही, वाळलेली फांदीदेखील घरी न्यावयाची नाही, पायांत वहाणा घालून आत जावयाचे नाही, असे निर्बंध पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. मंदिराच्या कामासाठी लाकूड हवे असेल तर देवाचा कौल घ्यावा लागे. कौल मिळेपर्यंत कुऱ्हाड थांबे. घाईने निर्णय होऊ नये यासाठी याहून प्रभावी उपाय सापडणे कठीण. डिचोलीस लागून असलेल्या सत्तरी महालातील निरंकाराची राय तर पाणथळ जागी वाढणाऱ्या रानटी जायफळीच्या वृक्षांसाठी आज अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील देवरायांचे सर्वेक्षण वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केले. या वनांत दुर्मिळ वनस्पती टिकून राहिल्याचे त्यांनी दाखवून दिल्यानंतर विद्वज्जनांचे लक्ष अशा वनांकडे वेधले गेले. गावकऱ्यांना त्यांचे मोल त्यापूर्वीच ठाऊक होते.

डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाचा सडा पावसाचे पाणी पितो, राई ते धरून ठेवते, उतारावर ते झरीच्या रूपाने प्रकट होते, पाटाने कुळागरातील पोफळी-माडांस मिळते, देवळाच्या तळीत विसावते आणि शेवटी खाजनात उतरून क्षार धुते. या साखळीतील एकही कडी निखळली तरी खालच्या सर्व कड्या सैल होतात. सड्यास ओसाड पठार, राईस निरुपयोगी जंगल आणि खाजनास दलदल समजणाऱ्या दृष्टीस ही साखळी दिसत नाही.

व्यवस्था कोठे तुटली

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. इ. स. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्यातील पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमिनीचा हक्क दिला. शतकानुशतके दुसऱ्याच्या नावावरील शेत पिकविणाऱ्या कुळांना मिळालेला हा न्याय होता, आणि महाजन कुटुंबांतील अनेकांच्या जमिनी त्यात गेल्या असल्या तरी त्याचे न्याय्यपण नाकारता येणार नाही. मात्र शेताचा तुकडा एकेकाच्या मालकीचा होऊ शकतो. बांध तसा होऊ शकत नाही. इ. स. १९७५ च्या नियमांन्वये कुळांचे संघ स्थापून बांधांची संयुक्त जबाबदारी त्यांच्याकडे देण्यात आली. काही संघांनी ती उत्तम पार पाडली. अनेक ठिकाणी मात्र मानशीचा लिलाव हेच संघाचे प्रमुख काम होऊन बसले. गावकरीने हात काढून घेतले, सरकारी दुरुस्तीची वाट पाहण्याची सवय जडली, तरुण पिढी नोकरीस गेली. एकदा पडलेली खांड दोन-तीन पावसाळे तशीच राहिली की शेतात खारफुटी उगवते आणि ते शेत पुन्हा खाडीचे होते.

डिचोली महालावर याखेरीज खाणींचे संकट आले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून लोहखनिजाचा उपसा वाढत गेला. श्रीलईराईच्या शिरगावात, तसेच मुळगाव, लामगाव या परिसरात विहिरी व झरी आटल्या आणि शेतांत खाणींचा गाळ उतरला. ज्या देवीच्या होमकुंडातून धोंड अनवाणी चालत जातात, तिच्याच गावच्या पाण्यावर ही वेळ आली. इ. स. २०१२ मध्ये खाणी थांबल्या; २०१४ व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय झाले; २०२२ मध्ये नव्याने लिलाव सुरू झाले आणि त्यांतील पहिल्या पट्ट्यांत डिचोलीचाही समावेश होता. खाणींनी अनेक घरांच्या चुली पेटविल्या हे जितके खरे, तितकेच त्यांनी खाली उतरणारे पाणी गढूळ केले हेही खरे. तिकडे पेडण्यात मोपच्या सड्यावर विमानतळ उभा राहून इ. स. २०२३ पासून वाहतूक सुरू झाली आणि त्या महालाचे जीवनमान झपाट्याने पालटू लागले.

पुनरुज्जीवनाची दिशा

असे असले तरी सर्व काही संपले, असे समजण्याचे कारण नाही. इ. स. २०११ च्या किनारी नियमनाच्या अधिसूचनेत गोव्यातील खाजनांच्या रक्षणासाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने शेतकऱ्यांच्या कोरगुट वाणातूनच निवड करून 'गोवा धान' मालिकेतील पहिली दोन खारटाण-सह वाणे सिद्ध केली. प्रयोगशाळेस जे बीज हवे होते ते कोणत्या तरी अज्ञात शेतकऱ्याच्या कणगीत जपून ठेवलेले होते, हे विसरता येणार नाही. केरळात खारटाण जमिनीत भात व कोळंबी आळीपाळीने घेण्याची पोक्काळी पद्धत आजही ओळखली जाते. हॉलंडात समुद्रापासून मिळविलेली जमीन राखणारी पाणी-मंडळे तेराव्या शतकापासून चालत आली असून त्यांची निवडणूक आजही होते. त्या राष्ट्रास जे जपावेसे वाटले ते आपल्याकडेही होते, एवढाच याचा बोध.

आता प्रश्न महाजनांचा. शेते कुळांकडे गेली, गावकऱ्या क्षीण झाल्या. परंतु राई, तळी, झरी, मांड आणि देवळाभोवतीची जमीन अनेक ठिकाणी अद्याप देवस्थानांच्या स्वाधीन आहे. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा होते, संगमरवर बसतो, सभामंडप विस्तारतो, आणि कित्येकदा त्याच कामात राईचा कोपरा वाहनतळासाठी मोकळा केला जातो किंवा तळीचा झरा सिमेंटने बुजविला जातो. भक्तिभावाने केलेल्या कामात हे घडावे, ही खेदाची गोष्ट होय. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या मंदिराचे पुरातन रूप राखून केलेला जीर्णोद्धार इ. स. २०२३ मध्ये पूर्ण झाला. मूळ रूप जपूनही नूतनीकरण होऊ शकते, हे त्याने दाखविले. तीच दृष्टी शिखराकडून भूमीकडे वळविली पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या धनाची गरज नाही. देवस्थानाच्या ताब्यातील राई, तळी व झरी यांची सीमांसह नोंद व्हावी. बांध कोठे होता, मानस कोणत्या बाजूस होती, उधाणात प्रथम कोणती जागा फुटते, हे ज्या वृद्ध शेतकऱ्यांस ठाऊक आहे त्यांस सन्मानाने बोलावून ते लिहून घ्यावे. त्यांतील बहुतेकांची नावे महाजनांच्या नोंदवहीत कधीच नव्हती. गावडे, कुणबी व इतर कष्टकरी समाजांच्या खांद्यांवरूनच ती माती वाहिली गेली. उत्सवात त्यांचे मान ठरलेले आहेत. त्यांच्या ज्ञानाचा मान मात्र अद्याप व्हावयाचा आहे. जेथे शेतकरी संघ बांध उभारण्यास तयार असेल तेथे देवस्थानाने त्याच्या पाठीशी उभे राहावे, कारण गावास एकत्र आणण्याचे सामर्थ्य आजही देवळाच्या घंटेइतके दुसऱ्या कशातही नाही.

भाद्रपदात नव्याच्या दिवशी शेतातील पहिली कणसे वाजतगाजत आणून देवास वाहिली जातात आणि मग ती घरोघर दारावर बांधली जातात. ज्या गावाचे खाजन पडीक पडले, त्या गावास ही कणसे दुसऱ्या गावाहून आणावी लागतात. विधी पार पडतो, परंतु देवास वाहिलेले धान्य त्या देवाच्या भूमीतले नसते. प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांनी आपल्या गावची कणसे कोठून येतात याची एकदा चौकशी करावी. ती आपल्याच बांधाच्या आतून येत असतील तर तो बांध सांभाळावा; येत नसतील तर कोणती खांड बुजवावयाची आहे हे त्या उत्तरातच कळेल.